दरवर्षी थोडं कोरड्याकडे

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातल्या एका सोमवारी सुमियातीच्या गावानं आपल्या कबरी हलवल्या. सुमियाती त्या दिवशी दूर आखातात, अल ऐनमध्ये होती. तिच्या मुलाच्या नावानं तिच्या भावानं माती उचलली, पांढऱ्या कापडात बांधली आणि नव्या जागी पुरली. ती माती त्याच्या कबरीतली नव्हती. हे तिला नंतर कळलं.

एवढं लिहून मी बरेच दिवस थांबले. सुमियाती वारल्याचं कळल्यापासून ती मला सलग आठवत नाही, तुकड्यातुकड्यानं आठवते. त्यातला पहिला तुकडा म्हणजे तिचं दारातून वाकून आत येणं.

आमच्या शेजारच्या घरात ती कामाला होती. अल ऐनमधली जुनी घरं ऐसपैस, त्यांची दारंही तशीच. सुमियाती तर उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. तरी ती प्रत्येक दाराशी मान खाली घालून, कमरेत वाकून आत शिरायची. त्या घरातल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना सगळे ‘मामा’, म्हणजे आई, म्हणत. त्या दिवसभर हॉलमध्ये बसलेल्या असत, म्हणून आधी मला वाटलं की ही वडीलधाऱ्यांसमोरची अदब असेल. पण आमच्या मागच्या दारातूनही ती तशीच यायची, आणि तिथं समोर मी एकटी असायचे, ओट्याशी पुस्तक उघडून भाजी निवडत.

शेवटी विचारलं. तेव्हा ती हसली.

“मिस, आमच्या घरात सरळ आत गेलं तर कपाळ फुटतं.”

“घर बुटकं आहे?”

“नाही हो. चांगलं उंच बांधलेलं, माझ्या बापानं. छप्पर खाली नाही आलं. जमीन वर आली.”

तिची भाषा म्हणजे घरातली अरबी, टीव्हीवरची इंग्रजी आणि ड्रायव्हर सावंतांकडून उचललेली हिंदी यांची भेळ होती. त्या हिंदीत सावंतांचं मालवणीही सांडलेलं असे. ‘का’ विचारायचं असलं की ती सरळ ‘कित्या?’ विचारायची. मी शाळेच्या लायब्ररीत काम करते हे कळल्यावर तिनं माझं नाव ‘मिस किताब’ करून टाकलं होतं. इथं मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. त्यात तिचा अर्धा नूर जातो, त्याला इलाज नाही.

जमीन वर कशी आली, ते तिनं हातानं दाखवलं. तिचं गाव जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. गावाला नाव होतं, पण बोलताना ती ‘देसा’ एवढंच म्हणायची. देसा म्हणजे गाव. समुद्र गावापासून लांब होता, इतका की तिच्या लहानपणी मुलांना तो बघायला मुद्दाम जावं लागे. मध्ये सगळी भातखाचरं, बांधांवर नारळ, परसात मिरच्या आणि पेरू. मग समुद्र जवळ आला. आधी मोठ्या भरतीला यायचा आणि जायचा. मग यायचा आणि थोडा मागे राहायचा. मग यायचाच. लोकांनी घरात भराव घातला. पाणी पुन्हा चढलं, पुन्हा भराव. मग फळ्या ठोकल्या, फळ्यांवर फळ्या. भिंती आणि छप्पर जागच्या जागी राहिले. तिची आई शेवटची काही वर्षं घरात बसूनच सरकत होती. आता भाऊ कार्नो रांगत आत जातो, असं ती म्हणाली. कार्नो लहान असतानाही त्याच घरात रांगला होता, हे आठवून तिला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

हे बोलणं चालू असताना सावंत मागच्या दारी उभे होते. ते मालवणकडचे, खाडीकाठच्या गावातले. बायको-मुलं तिकडे, स्वतः त्या घराच्या गाड्या चालवून चालवून पिकलेले. मला ‘वयनी’ म्हणत.

“वयनी, ह्येंच्या गावचो बांध फुटलो आसतलो,” ते म्हणाले. “आमच्याकडे खाजणात उधाणाचा पाणी शिरला काय तीन वर्सा भात नाय.”

सुमियातीनं मला अर्थ विचारला. मी सांगितला.

“तीन वर्षांनी पाणी परत जातं?” तिनं सावंतांना विचारलं.

“जाता मगे. पावस पडता, खार धुवन जाता.”

“मग तुझं गाव चांगलं आहे, सावन,” ती म्हणाली. “आमचं जात नाही.”

सावंत एरवी बोलण्यात हार जाणारे नव्हते. त्या दिवशी ते चहा अर्धा ठेवून गाडी पुसायला गेले.

तिला डावं-उजवं चालत नसे. तिच्या गावात सगळं दिशांवर चालतं. बाजेवर शेजारी बसलेल्याला जरा सरकायला सांगायचं तरी ‘थोडा पश्चिमेला हो’. एकदा मला पुस्तकांचं कपाट हलवायचं होतं, ती मदतीला आली. माझी मुलगी इरा एका बाजूनं धरून उभी.

“पूर्वेला ढकल,” सुमियाती म्हणाली.

“लेफ्ट ऑर राइट, आंटी?”

“लेफ्ट-राइट काय कामाचं? तू फिरलीस की तुझा लेफ्ट पण फिरला. पूर्व फिरत नाही.”

“बट आय डोन्ट नो व्हेअर ईस्ट इज!”

“मग घरी कशी जाशील?” सुमियातीनं खरोखरच्या काळजीनं विचारलं. इरानं फोन दाखवला. त्यावर सुमियातीनं मान हलवली आणि कपाट खाली ठेवायला लावून तिला त्यांच्याकडचे चार शब्द शिकवले. उत्तर म्हणजे लोर, दक्षिण किदुल, पूर्व वेतान, पश्चिम कुलोन. इरा ते विसरली. माझ्या लक्षात राहिले. पुढे बरेच दिवस मला ऐकावं लागे, “मिस, तुमच्या नाकाच्या किदुलला पीठ लागलंय.” अल ऐनमध्ये तिला पहिल्या दिवसापासून बरं वाटलं ते एकाच गोष्टीमुळे, असं ती सांगायची. नमाजाला घरी पश्चिमेला तोंड करायचे, इथंही पश्चिमेलाच. बाकी सगळं बदललं तरी तेवढं बदललं नव्हतं.

दुसरी सवय पाण्याची. नळाचं असो, बाटलीतलं असो, मी दिलेला चहा असो, आधी करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावायची. मग प्यायची. हे तिच्या नकळत चाले. एकदा थंडीत मामांना ओअॅसिसमध्ये खजुराच्या बागांत फिरवायला न्यायचं होतं. मामांना चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागे, म्हणून सावंतांनी मलाही बोलावलं. आत झाडांच्या सावलीत फलजचं, म्हणजे डोंगराकडून आणलेल्या जुन्या कालव्याचं, पाणी वाहत होतं, अरुंद पाटातून, एका बागेची पाळी संपली की दुसऱ्या बागेकडे. एक माणूस फावड्यानं चिखलाचा छोटा बांध फोडत होता. सुमियाती खुर्ची सोडून पाटाशी उकिडवी बसली, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

“हिलू,” ती मामांना म्हणाली. गोड.

“मजनूना,” मामा हसून म्हणाल्या. वेडी कुठली. पण खुर्ची पुढे न्यायला त्यांनी सांगितलं नाही. सुमियाती त्या फावडेवाल्याकडे बघत राहिली.

“आमच्याकडे पण असा एक माणूस होता,” ती मला म्हणाली. “पाण्याचा माणूस. कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते तो ठरवायचा. मोठा मान. लग्नात त्याला आधी वाढायचे.”

“आता?”

“आता काय? पाणी न विचारता सगळ्यांकडे जातं.”

त्या दिवशी ती भाताबद्दल पुष्कळ बोलली. कापणीला त्यांच्याकडे विळा वापरत नसत. तळहातात लपेल एवढं पातं असे, बोटांच्या मध्ये धरलेलं, आणि एकेक लोंबी खुडायची. लोंबीला पातं दिसलं तर भात घाबरतो. भात म्हणजे श्री. मी चमकून विचारलं, “कोण?” “श्री,” ती म्हणाली, “भाताची आई. आम्ही मुसलमान आहोत, मिस, पण भात आमच्या आधीपासूनचा आहे.” पहिल्या लोंब्या खुडायच्या आधी शेताच्या कोपऱ्यात भात, अंडं, मिरचीचा ठेचा ठेवून सगळ्या आळीला जेवायला बोलवायचे. शेवटची कापणी झाली त्या वर्षीही बोलावलं होतं. ती शेवटची आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी रोपं लावली आणि ती पिवळी पडून उभ्या उभ्या मेली.

त्याच शेवटच्या कापणीच्या वर्षी अदी गेला. तिचा मुलगा, पाच वर्षांचा. ताप होता, रस्ता पाण्याखाली होता, होडी मिळायला उशीर झाला. एवढंच तिनं सांगितलं आणि तेही पुष्कळ उशिरा, इराला ताप आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पट्ट्या भिजवताना. नवरा त्याआधीच मलेशियाला गेला होता, तो तिकडचाच झाला. ती इकडे आली. अदीला पुरलं तेव्हा कार्नो शहरात बांधकामावर होता. आई आणि ती, दोघींनीच जागा बघितलेली, आणि आईही मागाहून वारली. कबरस्तानात मुलांची रांग समुद्राच्या बाजूला होती. मुलांना वारा आवडतो म्हणून. त्यांच्याकडे डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. लहान मुलाच्या कबरीवर दगड नसतो, लाकडाचा खुंट असतो. उशाला तिनं पाण्याची मातीची सुरई ठेवली होती, तहान लागली तर असावी म्हणून.

“कोरड्यात पुरला, मिस,” ती म्हणायची. “तेव्हा तिथं गवत होतं.”

रमजानच्या आधी त्यांच्याकडे सगळं गाव कबरस्तानात जमतं. गवत काढायचं, कबरी नीट करायच्या, आणि तिथंच केळीच्या पानांवर एकत्र जेवायचं. पाणी यायला लागल्यापासून त्यात एक काम वाढलं होतं. टोपल्या भरून चिखल आणायचा आणि कबरींवर घालून त्या उंच करायच्या. खुंट उपटायचे, भराव घालायचा, खुंट पुन्हा रोवायचे. जे परदेशी असतील त्यांच्या माणसांचं शेजाऱ्यांनी करायचं. अदीचं काम शेजारची बू वातिनी करायची. बू म्हणजे बाई, वडीलधारी. ती दरवर्षी फोटो पाठवायची. चिखलाचा उंचवटा, त्यावर खुंट, खुंटाला बांधलेली पांढरी चिंधी, पाठीमागे पाणी.

तो फोटो सुमियाती आम्हां सगळ्यांना दाखवायची. मामांना, मला, सावंतांना, एकदा गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा.

“बघा,” ती म्हणायची. “अजून कोरडा आहे.”

मग यंदा गावानं ठरवलं की भराव पुरे झाला. आतल्या बाजूच्या एका गावानं रस्त्याकडेला जागा दिली होती. घरं एकेक करून तिकडे जातच होती, आता मेलेल्यांनाही न्यायचं. इतक्या वर्षांच्या खाऱ्या पाण्यानंतर हाडं शोधण्यात अर्थ नव्हता. मशिदीतल्या मौलवींनी सांगितलं की प्रत्येक घरच्यांनी आपल्या माणसाच्या जागेवरची मूठभर माती घ्यावी, कापडात बांधावी आणि नव्या जागी रीतसर पुरावी. घरच्यांनीच घ्यावी. ओहोटीचे चांगले दिवस शाबानमध्ये होते.

सुमियातीनं रजा मागितली. मामा तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या आणि दुसऱ्या कोणाच्या हातचा घास गिळत नसत. त्यांचा मोठा मुलगा, घरातला कारभारी, वाईट माणूस नव्हता.

“ईदनंतर जा, इन्शाल्ला,” तो म्हणाला. “तिकीट मी काढतो. आत्ता गेलीस तर माझी आई उपाशी मरेल.”

सावंत तिच्या वतीनं पुन्हा जाऊन विचारून आले. परत आले ते मान हलवतच. “सायब रडतत, वयनी. तेंका काय बोलूचा?”

“मी नाही गेले तर कोण सांगणार जागा?” सुमियाती मला म्हणाली. “फक्त मला माहीत आहे.”

“कार्नोला फोनवर दाखवता येईल.”

“हो,” ती म्हणाली. “आणि खुंट आहेच.”

तो सोमवार मला दिसतो. सकाळ होती, मामा झोपल्या होत्या. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीशी, जिथं फोनला रेंज चांगली येते तिथं, ती उभी होती, डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन. कार्नो छातीभर पाण्यातून चालत होता. त्यानं फोन डोक्यावर धरलेला, त्यामुळे आम्हांला जास्त करून आकाश दिसत होतं. मग चिखलाचा एक लांब उंचवटा आला, त्यावर माणसं, पांढऱ्या चिंध्यांचे खुंट. एका खुंटावर तारेनं पत्र्याचा तुकडा बांधलेला, त्यावर रंगानं ‘अदी’. बू वातिनीनं लिहून ठेवलं होतं.

“सापडला!” कार्नो ओरडला. तेवढं मलाही कळलं.

सुमियातीनं त्याला काहीतरी विचारलं, त्यात ‘नारळ’ होता हे मला तिनं नंतर सांगितलं. रांगेच्या टोकाचा नारळ कुठं आहे? नारळ कधीच मेला, कार्नो म्हणाला, सगळेच मेले. त्यानं खुंटाखालची माती उचलली. कापडाची गाठ बांधताना त्यानं फोन कोणाकडे तरी दिला, आणि पहिल्यांदाच नीट दिसलं. एवढा मोठा माणूस, हातात पेढ्याच्या पुड्याएवढी पुरचुंडी.

दुसऱ्या दिवशी तिनं हळद घालून भात केला, त्याचा शंकू केला, भोवती अंडी आणि भाज्या मांडल्या. आम्ही सगळे जेवलो. सावंतांनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा ती म्हणाली, “खा, सावन. माझं पोर कोरड्यात गेलं. आता समुद्राला काय करायचं ते करू दे.” इतकी मोकळी मी तिला कधी बघितली नव्हती. रमजान लागेपर्यंतचे ते थोडे दिवस तिचे बरे गेले.

रमजान लागायला एक-दोन दिवस असतील. दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात बसली होती आणि तिनं बू वातिनीला फोन लावला, आभार मानायला. स्पीकरवर म्हातारीचा खणखणीत आवाज. दोघी हसत होत्या. मी कपबश्या पुसत होते. म्हातारी काहीतरी लांबलचक सांगत होती, आणि मध्येच सुमियातीचं हसणं थांबलं.

“वेतान?” तिनं विचारलं.

पलीकडून काहीतरी.

“किदुल?”

पलीकडून पुन्हा काहीतरी, हसत हसत.

सुमियातीनं आदबीनं आभार मानले, प्रकृती विचारली आणि फोन ठेवला. माझ्या हातातलं फडकं घेऊन उरलेल्या बश्या पुसल्या. मग सांगितलं.

बू वातिनी म्हणाली होती, “आभार कसले गं? दरवर्षी थोडं कोरड्याकडे घेत होतो त्याला. भराव घालताना खुंट उपटायचा तर होताच, मग पुन्हा पाण्यात कशाला रोवायचा? लेकरू भिजायला नको. पहिल्या वर्षी दोन हात, मग आणखी थोडं. शेवटी तर चांगला उंचावर आणला.” पूर्वेला आणला की दक्षिणेला, हे सुमियातीनं विचारलं. म्हातारीला आठवत नव्हतं. कोरडं जिथं असेल तिथं, ती म्हणाली.

“तिच्यावर रागावता येत नाही,” सुमियाती म्हणाली. “तिचा नवरा त्याच कबरस्तानात आहे, मिस. त्याला तिनं नाही हलवला. त्याचा खुंट पाण्यात कुजून गेला. माझ्याला हलवला.”

सुचलं ते मी बोलले. “सुमी, आम्ही तर आमच्या माणसांची राख पाण्यातच सोडतो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. “तुम्ही सोडता,” ती म्हणाली. “मी सोडलेला नाही.”

त्यानंतरची सुमियाती वेगळी होती. कार्नोला तिनं गावच्या मुखियाकडे पाठवलं, पुन्हा खणू द्या म्हणून. मुखिया म्हणाला की परवानगी संपली, ओहोटीचे दिवसही संपले, आणि कोण कुठं आहे ते अल्लाला माहीत आहे. हे सांगताना ती पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, “अल्लाला माहीत आहे. मला माहीत नाही.” इफ्तारनंतर उरलेल्या खजुराच्या बिया धुऊन आणायची आणि आमच्या ओट्यावर मांडायची. ही मशीद, हा बांध, ही मोठ्यांची रांग, ही मुलांची. अदीची बी ठेवायला गेली की हात थांबायचा. आधी अगदी नक्की माहीत असलेली जागा फोटोंनी पुसली होती. इतकी वर्षं ती जो कोरडा खुंट बघत आली, तोच तिच्या डोळ्यांत बसला होता, आणि जुना नारळ त्याच्या कुठल्या बाजूला होता हे तिला आता सांगता येत नव्हतं.

“तुका दिशा कळतत मगे?” सावंत एकदा न राहवून म्हणाले. “आठव गो. शांतपणान आठव.”

“दिशा कळतात,” ती म्हणाली. “कुठून मोजायचं ते कळत नाही.”

बोलता बोलता ती बिया गोळा करायची, मुठीत धरायची आणि घरी जायची, मामांना भरवायला. मामांना शेवटपर्यंत तिनं भरवलं. एकदाही आवाज चढवला नाही. मामा ईदनंतर थोड्याच दिवसांत गेल्या. मोठ्या मुलानं शब्द पाळला, तिकीट काढलं. निघताना ती मागच्या दाराशी आली, आत आली नाही.

“परत येशील ना?” मी विचारलं.

“कित्या?” ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, “रागावू नका, मिस किताब. मला आता फक्त ओहोटी पाहिजे.”

“यल्ला, चल सुमे,” सावंतांनी गाडीतून हाक मारली.

त्यानंतर तिला मी एकदाच बघितलं, फोनवर. ती घरात होती, म्हणजे फळ्यांवर बसलेली, छप्पर केसांना लागेल इतकं जवळ. ऊन आणि खाऱ्या वाऱ्यानं चेहरा काळवंडलेला. कार्नोचं कुटुंब आतल्या गावात राहायला गेलं होतं, ती एकटी मागे राहिली होती. कबरस्तानाकडे जाणारी फळ्यांची वाट मोडली होती म्हणून होडीनं जायची, ओहोटीला पाण्यात उतरायची आणि पायानं तळ चाचपायची. जुन्या रांगेच्या जागी सुरईचे तुकडे लागतील, असा तिचा हिशेब होता. खुंट हलवला तरी सुरई कोणी हलवली नसणार.

“लागले?” मी विचारलं.

तिनं फोन वळवला. फळीवर खापरांचा ढीग होता. शेवाळलेली, कालवं चिकटलेली, काहींना सुरईची नळी अजून शाबूत.

“पुष्कळ लागले, मिस,” तिचा आवाज आला. “सगळ्याच पोरांच्या उशाला सुरया होत्या. आम्ही सगळ्याच आया.”

फोन अजून त्या ढिगाकडेच वळलेला होता. तिचा हात चौकटीत आला, त्यानं एक खापर उचललं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. मी “सुमी” म्हणून हाक मारली. ती म्हणाली, “हो, बोला, मी ऐकतेय,” आणि तिसरं उचललं. मग रेंज गेली.

बातमी सावंतांकडे आली. कार्नोनं त्यांच्या भाषेत लिहिलेला मजकूर सावंतांनी फोनवरच हिंदीत करून घेतला होता आणि तो त्यांनी मला दारात उभं राहून वाचून दाखवला. पाण्यात तिचा पाय कापला होता, खापरानंच. तिनं फडकं बांधलं आणि पुन्हा पाण्यात गेली. पाय सुजला, ताप चढला. कार्नो होडी घेऊन पोचला तेव्हा ती बोलत होती, पण त्याच्याशी नाही. दवाखान्यात नेलं. खलास. सावंतांनी तो शब्द वाचला आणि फोन खिशात ठेवला. “खाडीच्या पाण्यान माका कधी भय वाटाक नाय, वयनी,” ते म्हणाले. “आता वाटता.”

तिला नव्या कबरस्तानात पुरलं, रस्त्याकडेला, तिथं जमीन उंच आणि कोरडी आहे. शेजारी तिच्या मुलाच्या नावाचा खुंट आहे. कार्नोच्या बायकोनं दोन्हींवर फुलं घातलेला फोटो पाठवला. गावातलं शेवटचं घर, तिचं, आता रिकामं आहे. मुलगा जुन्या जागीच आहे. तिथून आता होड्या जातात.